इंजिनाआधी काटा घ्या: २५४ पौंडांत बसणाऱ्या विमानाची तयारी

अमेरिकेत पार्ट १०३ खाली, म्हणजे अतिहलक्या विमानांच्या नियमांखाली, उडवायचं विमान घरी बांधायचं ठरलं असेल, तर पहिली खरेदी इंजिनाची नको, काट्यांची करा. चाकांखाली ठेवायला तीन सारखे काटे आणि सुट्या भागांसाठी ग्रॅममध्ये मोजणारा एक छोटा. मग कार्यशाळेच्या भिंतीवर चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: रिकामं वजन (वैमानिक आणि इंधनाशिवाय) २५४ पौंडांपेक्षा कमी, म्हणजे ११५.२ किलोच्या आत. इंधनाची क्षमता जास्तीत जास्त ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे १८.९ लिटर, पूर्ण थ्रॉटलवर समतल उड्डाणात वेग ५५ नॉटपेक्षा जास्त नाही, इंजिन बंद असताना स्टॉल, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, २४ नॉट किंवा त्याखाली. आसन एकच. आणीबाणीचं पॅराशूट आणि पाण्यावर उतरण्याचे फ्लोट रिकाम्या वजनात धरत नाहीत. पॅराशूटसाठी २४ पौंड आणि प्रत्येक फ्लोटमागे ३० पौंड सवलत मिळते. टाकीच्या बाबतीत पळवाट शोधू नका. मोठी टाकी बसवून अर्धी भरणं चालत नाही, तिची पूर्ण क्षमता मोजली जाते. कायमची बसवलेली आतली नळी क्षमता मर्यादित करत असेल, तर ती मात्र मान्य आहे.

आता वजनाचा ताळेबंद मांडा. लक्ष्य ११५ नव्हे, ११० किलो ठेवा. रंग, वायर, गोंद, टाय-रॅप आणि वॉशर आराखड्यात दिसत नाहीत, पण काट्यावर नक्की दिसतात. समजा सांगाडा, पंख, कापड, चाकं, आसन आणि उपकरणं मिळून ७५ किलो होतात. उरले ३५. या ३५ किलोंत फक्त इंजिन नाही बसवायचं. दोन-स्ट्रोक इंजिनाचा एक्झॉस्ट साधारण ५ किलो, रोटॅक्स कंपनीचा बी प्रकारचा गिअरबॉक्स ४.५ किलोच्या आसपास, प्रोपेलर आणि त्याचे बोल्ट ३ किलो, माउंट (इंजिन बसवायची चौकट), रबर, पंप, नळ्या मिळून अडीच किलो. नुसत्या इंजिनाला उरतात जेमतेम २० किलो. माहितीपत्रकात छापलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या इंजिनाचं असतं, आणि ताळेबंद नेमका तिथेच फसतो. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: या आकड्यात काय-काय धरलेलं नाही? विजेचा स्टार्टर हवा असेल तर बॅटरी, जाड केबल आणि रिले सोबत येतात. इतक्या घट्ट हिशोबात दोरी ओढून सुरू होणारं इंजिनच परवडतं.

शक्ती किती हवी, हे अंदाजाने ठरवू नका. विमान ११५ किलो, वैमानिक ७७ आणि इंधन १४ धरलं तर उड्डाणाचं वजन २०६ किलो. लिफ्ट-ड्रॅगचं, म्हणजे उचल आणि हवेचा अडथळा यांचं, गुणोत्तर ६ असलेल्या उघड्या विमानाला ४० नॉटवर समतल उडायला सुमारे ७ किलोवॅट लागतात. २८ अश्वशक्तीचं इंजिन आणि ५७ टक्के कार्यक्षम प्रोपेलर मिळून १२ किलोवॅट देतात. उरलेले ५ किलोवॅट या वजनाला सेकंदाला अडीच मीटर वर नेतात, म्हणजे मिनिटाला जवळपास ५०० फूट. एवढं चढणं पुरेसं आहे. ४० अश्वशक्तीने ते दुप्पट होतं, पण वजन वाढतं, १८.९ लिटर लवकर संपतात आणि विमानाचा आकार हवेला थोडा जरी कमी अडवत असला तरी ५५ नॉटची मर्यादा मोडते. हिर्थ एफ-३३ सारखं एका सिलिंडरचं २८ अश्वशक्तीचं इंजिन या वर्गात लोकप्रिय आहे ते याचमुळे. कारखान्यातल्या यंत्रांसाठी बनलेली चार-स्ट्रोक व्ही-ट्विन इंजिनं स्वस्त आणि शांत असतात, पण जड असतात; शिवाय त्यांचा क्रँकशाफ्ट प्रोपेलरची ओढ आणि विमान वळताना फिरत्या प्रोपेलरमुळे पडणारा जायरोस्कोपिक भार सोसायला बनवलेला नसतो.

स्टॉलचा हिशोबही आत्ताच करा, पंख कापून झाल्यावर नाही. वरच्या २०६ किलोंना २४ नॉटवर तोलायचं, तर पंखाचं क्षेत्रफळ गुणिले कमाल लिफ्ट गुणांक (पंखाचा आकार किती उचल देतो त्याचा आकडा) २१.६ चौरस मीटर यायला हवा. गुणांक १.६ मिळाला तर साडेतेरा चौरस मीटर पुरतात, १.४ असेल तर साडेपंधरा लागतात.

रोटॅक्स ४४७ आणि ५०३ ही दोन-स्ट्रोक इंजिनं आता नवीन बनत नाहीत, त्यामुळे ती जुनीच मिळतील. बंद पडून राहिलेल्या दोन-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगना आतून गंज चढतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. डायल गेज लावून शाफ्टची डगमग मोजा, प्लग काढून हाताने सावकाश फिरवा. मध्येच खरखर लागली तर इंजिन उघडल्याशिवाय उडवू नका. ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करण्यासाठी, ३०० तासांचा हिशोब धरा. मग प्रोपेलर: बी गिअरबॉक्सला ३००० किलो-वर्ग सेंटिमीटरपर्यंतचं जडत्व चालतं, सी ला ६०००. जड प्रोपेलर लावला की मार गिअर आणि क्रँकवर बसतो. पातं कमी कोनात ठेवलं तर इंजिन हलकं फिरतं, मधल्या थ्रॉटलवर मिश्रण पातळ पडतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पिस्टन जाम होतो. ५०३ वर एक्झॉस्टचं तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका.

इंधनाचा प्रवाह जमिनीवरच तपासा. नाक चढाईच्या कोनात उचला, टाकीत थोडंच इंधन ठेवा आणि कार्ब्युरेटरची नळी मोजपात्रात सोडा. गुरुत्वाकर्षणाने येत असेल तर पूर्ण शक्तीच्या खपाच्या १५० टक्के, पंपाने येत असेल तर १२५ टक्के प्रवाह हवा. खप तासाला १८ लिटर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या जोडणीतून मिनिटाला ४५० मिली पडायलाच हवं.

गुरुत्वमध्याचं, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं त्याचं, गणित इंजिन बदललं की पुन्हा करावं लागतं. ठरल्यापेक्षा ६ किलो जड इंजिन गुरुत्वमध्याच्या १.२ मीटर पुढे बसलं, तर शेपटीकडे ३.६ मीटरवर २ किलो शिसं टाकावं लागतं. म्हणजे ६ चे ८ झाले. त्यापेक्षा माउंट आखूड करून इंजिन मागे घ्या. वजन कमी करायचंच असेल तर रंगाचे जादा हात, गाद्या, उपकरणं यांतून करा. बोल्ट, केबल, आसनपट्टा, इंजिन माउंट आणि इंधनाच्या नळ्या यांना हात लावू नका.

शेवटचं वजन बंद जागेत, वाऱ्याशिवाय घ्या. इंधन काढा, विमान उड्डाणाच्या पातळीत आणा, चाकाखालच्या ठोकळ्यांचं वजन वजा करा. मग काट्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन बेरजांत अर्ध्या किलोहून जास्त फरक आला तर एखादा काटा चुकतोय. प्रत्येक काट्यावरच्या आकड्याचा फोटो तारखेसह ठेवा.

बेरीज २५४ च्या वर गेली आणि कुठूनच कमी होत नसेल, तर ते विमान पार्ट १०३ चं राहत नाही. मग ते हौशी बांधणीच्या प्रायोगिक वर्गात नोंदवावं लागतं, वैमानिकाचा परवाना लागतो आणि निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनी केल्याचं दाखवावं लागतं. इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित नसेल तर चाचणी उड्डाणं साधारण ४० तासांची, असेल तर २५. हा रस्ता उघडा राहावा म्हणून पंखाची पहिली फासळी चिकटवण्याआधीच कामाची वही सुरू करा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो त्यात लावत जा. नंतर जुळवलेल्या कागदांवर तपासनीसाचं समाधान करणं फार अवघड जातं.