पदवीधर मतदारसंघातील दुबळा उमेदवार कसा ओळखावा

पदवीधर मतदार विधान परिषदेवर आपला सदस्य निवडतात ती कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की चिपळूणच्या एस.टी. स्थानकापासून सावंतवाडीच्या मोती तलावापर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘यांचा उमेदवार अगदीच दुबळा आहे.’ बोलणाऱ्याला बहुधा एवढेच म्हणायचे असते की हा माणूस पडणार. परंतु निवडणुकीत पडणारा उमेदवार वेगळा आणि निवडून येऊनही सभागृहात निरुपयोगी ठरणारा उमेदवार वेगळा. आपण कोणत्या दुबळेपणाविषयी बोलत आहोत, हे मतदाराने आधी स्वतःशी ठरवून घ्यावे.

लढतीतला दुबळेपणा प्रचारसभांमध्ये शोधू नये. तो नोंदणीच्या काळातच दिसतो. विधानसभेची मतदार यादी कायम असते, पदवीधरांची यादी मात्र प्रत्येक निवडणुकीसाठी कोरी करून नव्याने तयार केली जाते, त्यामुळे मागच्या वेळी मतदान केलेल्यालाही पुन्हा नमुना १८ हा नोंदणीचा अर्ज भरावा लागतो. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी, म्हणजे पात्रता मोजण्याच्या तारखेपूर्वी, पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावीत आणि अर्जदार मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा, एवढ्या अटी आहेत. बहुतेक पदवीधर हा अर्ज आपणहून भरत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून ऑक्टोबर महिन्यात महाविद्यालयात, वकिलांच्या बार रूममध्ये आणि बँकेच्या शाखेत अर्ज घेऊन कोणाची माणसे येऊन गेली, याची नोंद ठेवावी. यादी पक्की झाल्यावर उगवणारा उमेदवार कितीही सुशिक्षित आणि सज्जन असला, तरी त्याला दुसऱ्याने नोंदवलेल्या मतदारांकडे मते मागावी लागतात.

या नोंदींकडे पाहताना जिल्ह्यांचे वजनही ध्यानात ठेवावे. २०२४ च्या निवडणुकीत एकूण २,२३,२२५ मतदारांपैकी ९८,८६० एकट्या ठाणे जिल्ह्यात होते, तर रत्नागिरीत २२,६८१ आणि सिंधुदुर्गात १८,५५१. कुडाळ-मालवणात ज्याचा बोलबाला आहे तो उमेदवार ठाणे-कल्याणात अनोळखी असेल, तर इथल्या गर्दीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. उलट तलासरीपासून दोडामार्गापर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात ठाण्याचा उमेदवार तळकोकणात एकदाही फिरकत नसेल, तर त्याला आपली गरज नाही हे आकडेच सांगतात. तो त्याचा दुबळेपणा नसून आपला आहे, असे मला वाटते.

पुढे पक्षाचा निर्णय केव्हा आणि कसा झाला ते पाहावे. २०२४ मध्ये एकाच आघाडीतील आणि एकाच युतीतील पक्षांनी आधी वेगवेगळी नावे पुढे केली आणि नंतर माघारी झाल्या. शेवटी भाजपचे निरंजन डावखरे आणि काँग्रेसचे रमेश कीर यांच्यात मुख्य लढत होऊन डावखरे मोठ्या फरकाने विजयी झाले. मित्रपक्षाने माघार घेतली म्हणजे त्याचे कार्यकर्तेही कामाला लागतात असे नाही, म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर कोण बसणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. मात्र पक्षांतर हे आपोआप दुबळेपणाचे लक्षण मानू नये. डावखरे २०१२ मध्ये राष्ट्रवादीकडून आणि २०१८ मध्ये भाजपकडून निवडून आले होते. ज्याच्याजवळ स्वतःची नोंदणी असते त्याच्यामागे पक्ष धावतो.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, लढतीतला हा दुबळेपणा अधिक स्वच्छ मोजता येतो. आपल्या विधान परिषदेप्रमाणे तिथेही सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा भरल्या जातात, परंतु पक्षाचा उमेदवार बहुधा प्राथमिक, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठीच्या पक्षांतर्गत, निवडणुकीतले मतदार ठरवतात. २०२२ मध्ये जॉर्जिया राज्यात रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर ब्रायन केम्प सहज निवडून आले, तर त्याच दिवशी त्याच मतदारांसमोर उभे असलेले त्यांच्याच पक्षाचे हर्शेल वॉकर मागे पडले आणि ६ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीच्या मतदानात डेमोक्रॅटिक पक्षाचे राफेल वॉर्नॉक यांच्याकडून हरले. पक्ष तोच, मतदार तेच, मग फरक उमेदवाराचा, असे तिथे म्हणता येते. आपल्याकडे पदवीधरांचे मतदान स्वतंत्र दिवशी होत असल्याने ही फूटपट्टी लावता येत नाही.

सभागृहातला दुबळेपणा ओळखण्यासाठी विधान परिषदेचे काम ठाऊक असावे लागते. ७८ सदस्यांचे हे सभागृह धन विधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चाविषयीचे विधेयक, अडवू शकत नाही आणि साधे विधेयकही काही महिनेच लांबवू शकते. सदस्याची खरी ताकद तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या) यांमध्ये असते. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्ग मी पूर्ण करून देतो, असे सांगणाऱ्या उमेदवारापेक्षा प्राध्यापकांच्या रिक्त जागांवर कोणता प्रश्न विचारणार, हे नेमके सांगणारा उमेदवार अधिक भक्कम समजावा. विद्यमान सदस्य पुन्हा उभा असल्यास त्याने सहा वर्षांत काय विचारले, ते कामकाजाच्या नोंदींत पाहावे. उमेदवाराने अर्जासोबत दिलेले प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, अवश्य वाचावे. मालमत्तेच्या तक्त्याआधी प्रलंबित गुन्ह्यांचा भाग पाहावा. गुन्हे असलेल्या उमेदवाराच्या निवडीचे कारण म्हणून केवळ निवडून येण्याची क्षमता चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी पक्षांना बजावले आहे.

आपल्याच पक्षाचा उमेदवार दुबळा निघाला तर घरी बसण्याची गरज नाही, कारण इथे उमेदवारांना १, २, ३ असे अंक देऊन पसंतीक्रमाने मत देता येते. दुसरी पसंती दिल्याने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे काहीही नुकसान होत नाही. तो मतमोजणीतून बाद झाला तरच ती पुढे मोजली जाते, आणि वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक हा कोटा कोणीही पहिल्या फेरीत गाठला तर तिची वेळच येत नाही. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते, तेव्हा नाव नीट लक्षात ठेवून जावे. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच अंक लिहावा, ‘एक’ असे अक्षरांत लिहू नये, बरोबरची खूण करू नये आणि सवयीने कुठेही सही करू नये.