लँडमन दारात आला की: तेल-वायूच्या लीजमधल्या या चुका टाळा

ह्यूस्टनला गणपतीची आरती संपली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी मला गाठतंच. फोनमध्ये लीजच्या, म्हणजे कंपनीला तेल-वायू काढायचा हक्क देणाऱ्या कराराच्या, एका पानाचा वाकडा फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला: "दादा, एकरी दोन हजार डॉलर देतायत, करू का सही?" बाकीची पानं कुठे आहेत विचारलं तर ती घरी राहिलेली असतात.

मी सतरा वर्षं लँडमन होतो. तेल कंपन्यांसाठी काउंटी क्लार्कच्या कचेरीत जुनी डीडं (खरेदीखतं) उपसायची आणि मग मालकाच्या ओट्यावर बसून त्याची सही घ्यायची, हे माझं काम. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. फक्त बोनसवर, म्हणजे सहीच्या वेळी मिळणाऱ्या एकरी रकमेवर, घासाघीस करणारा मालक कंपनीला फार आवडतो. एकरी दोनशे वाढवून दिले की तो खूश होतो आणि पुढचं काही वाचत नाही. बोनस एकदाच मिळतो, करार मात्र कधीकधी तुमच्या नातवंडांपर्यंत चालतो.

जमिनीखालचं तेल-वायू तुमचं आहे का, हे आधी बघा. भारतात तेल-वायूचा परवाना सरकार देतं, म्हणून आपल्या डोक्यात हा प्रश्नच येत नाही. टेक्सासात मिनरलची, म्हणजे जमिनीखालच्या तेल-वायूची, मालकी खाजगी असते आणि ती जमिनीपासून वेगळी काढून विकता येते किंवा राखून ठेवता येते. एका मित्राने रॉयल्टीवरून (विकलेल्या मालातल्या मालकाच्या हिश्शावरून) तीन आठवडे हुज्जत घातली. शेवटी लँडमननेच त्याला त्याचं डीड वाचून दाखवलं. दोन पिढ्यांपूर्वीच्या मालकाने जमीन विकताना मिनरल स्वतःकडे ठेवले होते. या गड्याच्या नावावर माती, गवत आणि प्रॉपर्टी टॅक्स तेवढा! आणि इथे मिनरलचा हक्क वरचढ असतो. विहिरीसाठी लागेल तेवढी जमीन मिनरलवाले आणि त्यांची कंपनी तुमच्या परवानगीशिवाय वापरू शकतात. १९७१ च्या एका निकालाने टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याच्या फिरत्या सिंचनयंत्राच्या आड येणाऱ्या पंपांबद्दल कंपनीला थोडं सबुरीने घ्यायला लावलं, पण तो आधार तोकडा आहे. मिनरल तुमचे असतील तर रस्ता, फाटक, पाणी, पाइपलाइन कुठून न्यायची, हे सगळं लीजमध्येच लिहून घ्या.

"हा स्टँडर्ड फॉर्म आहे." तसा फॉर्म जगात नाही. वर 'प्रोड्यूसर्स ८८' छापलेलं असतं, पण त्या नावाखाली वेगवेगळ्या मजकुराचे कितीतरी फॉर्म फिरतात, आणि छापणारा मालकाच्या बाजूचा नसतो.

"ऑफर शुक्रवारपर्यंतच." मी स्वतः लोकांना शुक्रवारची मुदत दिलेली आहे. सोमवारीही भाव तोच असायचा.

या शुक्रवारनेच माझ्या मेव्हण्याचा घात केला. दक्षिण टेक्सासात त्याची ८० एकर जागा, मिनरलसकट. मी तेव्हा महिनाभर पुण्याला होतो. परत येईपर्यंत याने सही करून बोनसच्या पैशात ट्रॅक्टर घेतलेला. मी लीज हातात घेतली आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागलो (मी नेहमी उलटंच वाचतो, कारण मालकाच्या फायद्याची कलमं असलीच तर ती मागच्या पुरवणीत असतात). पुरवणीच नव्हती. म्हणजे पग क्लॉज नव्हता.

हे प्रकरण समजून घ्या. लीजची पहिली मुदत साधारण तीन वर्षं असते. त्यानंतर परवडेल इतकं उत्पादन चालू आहे तोवर लीज आपोआप जिवंत राहते. कंपनीला पूलिंगचा अधिकार असतो, म्हणजे तुमचा तुकडा शेजाऱ्यांच्या तुकड्यांशी जोडून ती एक युनिट बनवते. विहीर त्या युनिटमध्ये कुठेही असली तरी ती तुमच्याच जमिनीवर आहे असं धरतात. मेव्हण्याच्या ८० एकरांपैकी कोपऱ्यातले फक्त ६ एकर त्यांनी ६४० एकरांच्या युनिटमध्ये घेतले. विहीर पलीकडच्या मालकाच्या कुरणात. रॉयल्टी एक पंचमांश, म्हणजे ह्याचा वाटा ०.००१८७५. महिन्याला ४०,००० डॉलरचा माल विकला गेला तर याच्या हातात ७५ डॉलर, तेही कर जाण्याआधी. तेवढ्यावर उरलेले ७४ एकरही बांधले गेले. दुसरी कंपनी दुप्पट बोनस आणि चौथा हिस्सा रॉयल्टी घेऊन कुंपणापर्यंत आली, नकाशा बघितला आणि परत गेली. कंपनीला ना खोदायची घाई, ना जमीन सोडायची. आज त्या ट्रॅक्टरला गंज चढलाय, लीज मात्र ठणठणीत आहे.

पग क्लॉज एवढंच म्हणतो: पहिली मुदत संपली की युनिटबाहेरची जमीन मोकळी. १९४७ मध्ये लुइझियानातल्या क्राउली गावच्या पग नावाच्या वकिलाने हा मजकूर रुळवला, म्हणून हे नाव. मी त्याला खोलीचीही जोड देतो: विहीर ज्या थरातून काढते त्याच्या १०० फूट खालचं सगळं परत माझं. कंपनी आधी नाही म्हणते, मग बहुतेक वेळा देते. मागायला पैसे पडत नाहीत.

टक्का बघून भुलणं. माझी दुसरी डोकेदुखी. "आम्हाला पंचवीस टक्के मिळाले" असं अभिमानाने सांगणाऱ्या एका काकांनी रॉयल्टीच्या चेकचा कागद आणून दाखवला. गोळा करण्याचा खर्च, दाब वाढवण्याचा, पाणी काढण्याचा, वाहतुकीचा, विक्रीचा: रकाने वाचताना मंगल कार्यालयाचं बिल आठवलं. सगळं वजा जाऊन पंचवीसचे अठराही उरले नव्हते. काका म्हणाले, "पण वजावट करणार नाही असं लिहिलंय की!" लिहिलेलं होतं. त्याच्या आधीच्या ओळीत मात्र रॉयल्टी 'विहिरीच्या तोंडाशी असलेल्या बाजारभावावर' मोजायची असंही लिहिलेलं होतं.

इथेच सगळे फसतात. विहिरीशी भाव किती, हे काढायचं तर पुढच्या बाजारातल्या भावातून मधला खर्च वजा करावाच लागतो. १९९६ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून वजावट-बंदीचं कलम निरर्थक ठरवलं. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, कारण त्यांच्या करारात 'खर्चमुक्त' असा शब्द होता. पेन्सिल्वेनियात कायद्याने किमान आठवा हिस्सा द्यावा लागतो, पण तिथल्याही न्यायालयाने २०१० मध्ये त्यातून खर्च कापायला मुभा दिली. म्हणून मी लाल पेन्सिलीने 'विहिरीशी' हा शब्द शोधून खोडतो आणि 'प्रत्यक्ष विक्रीच्या एकूण रकमेवर, कोणताही खर्च न कापता' असं लिहायला लावतो. कापलेला वीस टक्के घेण्यापेक्षा न कापलेला अठरा मला चालेल. टेक्सासचा उत्पादन कर, तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के, तो मात्र तुमच्या वाट्यातून जाणारच. त्यावरून भांडू नका.

ड्राफ्ट म्हणजे चेक नव्हे. सही घेताना हातात देतात तो कागद तीसेक कामकाजी दिवसांनी, मालकीचे कागद कंपनीला पटले तरच, वटतो. २००८ च्या उन्हाळ्यात फोर्ट वर्थकडे बोनस एकरी २५,००० डॉलरच्या पुढे गेले होते. शरद ऋतूत वायूचा भाव कोसळला, कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि कित्येक घरी पेढे आधी वाटून झाले होते. पैसे बँकेत जमा होईपर्यंत मूळ लीज वकिलाकडे राहू द्या.

मालकीची हमी तुमच्याकडून घेणारं कलम खोडा. तीन वर्षांपुढे आणखी दोन वाढवायचा पर्याय मागत असतील तर त्याचा बोनस वेगळा मागा. विहीर बंद ठेवून वर्षाला एकरी डॉलरभर टाकत लीज जिवंत ठेवण्याला दोन वर्षांची मर्यादा घाला. लँडमनने तोंडी दिलेलं आश्वासन त्याच्या गाडीबरोबर जातं, मीही तशी बरीच दिली आहेत.

वकिलाचे हजार-दीड हजार वाचवून इंटरनेटवरून उतरवलेली पुरवणी जोडणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही. वकील मात्र तेल-वायूचाच हवा, घर घेताना ज्याने कागद केले तो नव्हे.

शेवटी डिव्हिजन ऑर्डर येते, तुमचा वाटा दशांशात लिहिलेला कागद. सही करण्याआधी स्वतः गणित करा: तुमचे एकर भागिले युनिटचे एकर, गुणिले रॉयल्टी. ६४० मध्ये ४० एकर आणि चौथा हिस्सा असेल तर ०.०१५६२५ यायला हवं. कागदावर ०.००७८१२५ असेल तर कुणीतरी तुम्हाला आठवा हिस्सा लावलाय. फोन करा. पहिली विक्री झाली तो महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिले पैसे यायला हवेत, ती तारीखही भिंतीवरच्या कालनिर्णयवर आत्ताच लिहून ठेवा.