अल्हांब्रा बघायची तर पाण्यामागून चाला

अल्हांब्रा म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या टेकडीवरचा, मुस्लिम सुलतानांचा किल्लेवजा राजवाडा. तिथे गेलेले बहुतेक लोक आधी नासरी महालांकडे, म्हणजे त्या सुलतानांच्या घराण्याच्या महालांकडे धावतात आणि बागा शेवटी, पाय बोलायला लागल्यावर उरकतात. माझं मत उलटं आहे. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली म्हणून असेल, पण पाणी ज्या क्रमाने आत येतं त्याच क्रमाने ही जागा बघावी.

आधी तिकीट. अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि विमानाचं बुकिंग झालं की लगेच घ्या, एप्रिल-मेच्या तारखा भराभर संपतात. जुलै-ऑगस्टची दुपार टाळाच. तिकिटावर नाव असतं, त्यामुळे मूळ पासपोर्ट खिशात हवा. महालांत शिरायला अर्ध्या तासाची वेळ दिलेली असते, ती हुकली की हुकली. फक्त बागा आणि किल्ल्याचं स्वस्त तिकीटही मिळतं. त्यात महाल नाहीत, पैसे भरण्याआधी नीट वाचा. महालांसाठी ११ नंतरची वेळ घ्या आणि सकाळी ८:३० ला दार उघडलं की थेट हेनेरालिफेत, म्हणजे वरच्या बागेत शिरा. एका भागातून बाहेर पडलात की त्याच तिकिटावर तिथे पुन्हा सोडत नाहीत, तेव्हा घाई नको.

हेनेरालिफे हा सुलतानांचा बागेतला वाडा, महालांपेक्षा उंचावर. तेराव्या शतकात दारो नदीचं पाणी सुमारे ६ किलोमीटर वरून अडवून कालव्याने इथे आणलं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. संभाजीनगरची पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं कसब वेगळं सांगायला नको. हा कालवा वाड्याच्या लांबट चौकातून मधोमध जातो. दोन्ही बाजूंनी कमानीसारखी उडणारी कारंजी सगळ्यांच्या फोटोत असतात, पण ती फार नंतर बसवलेली. मूळचं पाणी संथ होतं. १९५८ साली इथे आग लागली आणि नंतरच्या खोदकामात जुने वाफे सापडले, तेही पायवाटेपेक्षा बरेच खाली. म्हणजे त्या काळी चालणाऱ्याला फुलं पायांच्या पातळीवर दिसत असणार. हे डोक्यात ठेवून पाहिलं की चौक वेगळाच दिसतो.

वरच्या बाजूचा पाण्याचा जिना अजिबात चुकवू नका. कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी आहेत आणि त्यांतून पाणी तुमच्या हाताशेजारून खाली धावतं. मधल्या प्रत्येक टप्प्यावर एक छोटं कारंजं. वर झाडांची गच्च सावली. इथे दहा मिनिटं तरी उभे राहा. माझ्या मते अख्ख्या टेकडीवर यापेक्षा चांगली जागा नाही.

मग महालांकडे चालायला निघा, वीसेक मिनिटं हाताशी ठेवा. कोमारेस चौकातला हौद आणि त्याच्या कडेची मर्टलची कुंपणं, आपल्या मेंदीच्या कुंपणासारखी कापलेली, सगळेच बघतात. तुम्ही हौदाच्या टोकाशी थांबून जमिनीकडे बघा. पाणी आधी गोल संगमरवरी ताटलीत उसळतं, मग आखूड पन्हळीतून जाताना त्याचा जोर मोडतो आणि ते हौदात अलगद सरकतं. पृष्ठभाग हलत नाही, म्हणून बुरूज पाण्यात अखंड उमटतो. नळाच्या धारेचा जोर मोडण्यात माझी हयात गेली, पण इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नाही. सिंहांच्या चौकात १२ सिंह मोजून झाले की चार दिशांना गेलेल्या पन्हळी बघा. त्या थेट दालनांत शिरतात.

पार्तालची बाग जाता जाता होते. स्पेनचा राजा पाचवा कार्लोस याच्या राजवाड्याला वेगळं तिकीट लागत नाही, पण दमला असाल तर सोडून द्या.

परतताना कुएस्ता देल रेय चिकोने उतरा. ही वाट अल्हांब्राचा तट आणि हेनेरालिफे यांच्यामधून खाली दारोच्या काठी निघते. उतार तीव्र आणि दगडगोट्यांचा आहे, तेव्हा बूट चांगले हवेत. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ शहरात उतरणारी सी-३० ची बस पकडा.