झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: वायरिंगचा गुंता कसा सोडवायचा

हिंगणघाटकडच्या आमच्या गावात, कापूस साठवायच्या टिनाच्या शेडमध्ये माझी जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती झेन गाडी उभी आहे. तिच्यात मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन बसवलं. चेन ब्लॉकला टांगून इंजिन दोन दिवसांत जागेवर बसलं. मग वायरिंगचा गुच्छा ताडपत्रीवर पसरला, तर शेजारचे काका म्हणाले, "काय रे राजा, शेवया वाळू घातल्या काय?"

गाडी रस्त्यावर काढायची असेल तर इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. ते आधी बघा, मग पाना उचला.

भंगारातून इंजिन आणताना त्याच गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि पूर्ण वायरिंग सोबत घ्या. दुकानदार घाईत कपलरच (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट) कापून टाकतात, म्हणून स्वतः उभं राहून सोडवून घ्या. प्रत्येक कपलर काढण्याआधी फोटो काढा आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून चिकटवा. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र) असलेल्या गाडीचं इंजिन घेत असाल तर तिची किल्ली आणि इमोबिलायझरही सोडू नका.

आता एक वही घ्या. इंजिन चालायला मोजक्याच गोष्टी लागतात: ईसीयूला बॅटरीचा कायमचा पुरवठा, किल्ली फिरवल्यावर येणारा पुरवठा, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी), सेन्सर, इंजेक्टर, कॉइल आणि फ्यूल पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच). मीटरसाठी तापमान आणि ऑइल प्रेशरच्या वायरी आल्या, चेक इंजिनचा दिवा आला. पॉवर विंडो, हॉर्न, दिवे या वायरिंगात नकोत. ते झेनच्या मूळ वायरिंगवरच राहू द्या. मल्टिमीटर कंटिन्युटीवर (वायर सलग असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून ईसीयूच्या एकेका पिनेपासून वायर शोधा आणि पिनेचा नंबर, रंग, शेवट असं वहीत मांडा. कंटाळवाणं काम आहे, पण वही पूर्ण होईपर्यंत कटर हातात घेऊ नका.

अर्थवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. माझं इंजिन सुरू व्हायचं आणि गरम झालं की झटके द्यायचं. मी सेन्सर बदलला, प्लग बदलले, तीन दिवस गेले. शेवटी दिसलं, की बॉडीला नवा रंग मारल्यावर अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची रिंग) मीच रंगावर कसला होता. त्यामुळे रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग घट्ट कसा, वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल इंजिन ब्लॉकला आणि एक बॉडीला हवी. ईसीयूचे अर्थ मूळ गाडीत जिथे होते तिथेच, इंजिनवर द्या. तपासायचं असं: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट ओलांडला तर अर्थ कच्चा आहे.

फ्यूल पंप थेट किल्लीच्या लाइनवर जोडायचा मोह होतो. तसं करू नका. गाडी उलटली, इंजिन बंद पडलं, तरी पंप पेट्रोल ढकलत राहील. रिले वापरा. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० वर बॅटरीचा पुरवठा फ्यूजमधून, ८७ वरून पंपाला, ८६ वर किल्लीचा पुरवठा आणि ८५ ईसीयूकडे. म्हणजे इंजिन थांबलं की ईसीयू पंप बंद करतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या नळ्या एमपीएफआयचं प्रेशर सोसत नाहीत. त्या बदला, आणि रिटर्न लाइन द्या.

वायर जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. क्रिम्प करा (धातूच्या टोपीत वायर दाबून बसवा), वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. सेन्सरच्या वायरी डायनमो आणि प्लगच्या वायरींपासून लांब न्या. एक्झॉस्टजवळून काहीही नेऊ नका. मे महिन्यात इथे सावलीतच ४५ अंश असतात. शेवटचा शत्रू उंदीर. कापूस घरात आला की तेही येतात, म्हणून सगळं नळीत घाला आणि नळीची तोंडं बंद करा.

पहिल्यांदा करंट देताना सगळे फ्यूज काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब मालिकेत जोडा आणि किल्ली बंद ठेवून एकेक फ्यूज घाला. बल्ब भक्कन पेटला तर त्या लाइनमध्ये शॉर्ट आहे. वायर जळण्याआधीच कळतं. मग बल्ब काढा, किल्ली फिरवा: चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे, पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. पंपाचा फ्यूज काढून थोडा सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझला की फ्यूज घाला आणि सुरू करा. चालू इंजिनवर बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले म्हणजे डायनमो चार्ज करतोय.

नळीवर पक्की टेप मात्र आठवडाभर गाडी फिरवल्यावरच गुंडाळा. मी पहिल्याच संध्याकाळी गुंडाळली आणि दुसऱ्या सकाळी ब्लेडने सोलत बसलो.