गोष्ट नेमकी अडते कुठे?

"लिहायला बसलं की काही सुचतच नाही," ही नव्याने कथा लिहिणाऱ्यांची ठरलेली तक्रार. जरा खोदून विचारलं तर कळतं, की सुचलेलं भरपूर असतं. माणसं डोळ्यांसमोर असतात, कधी कधी शेवटही ठाऊक असतो. पेन तेवढं हलत नाही. मग ‘रोज लिहा’, ‘जरा फिरून या’ असे सल्ले मिळतात आणि बऱ्याचदा ते लागू पडत नाहीत. कोऱ्या कागदासमोर बसून राहिलेला, दोन पानांनंतर थबकलेला आणि गोष्टीच्या मध्यावर रुतलेला, या तिघांचं दुखणं वेगवेगळं असतं. तेव्हा आधी आपण कुठे अडलोय ते पाहा.

कोऱ्या कागदाचं दुखणं त्यातल्या त्यात सोपं. पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करायची, असं कुठे लिहिलेलं नाही. जो प्रसंग सगळ्यात स्पष्ट दिसतोय तो आधी लिहा, मग तो शेवटचा का असेना. सुरुवात नंतर बदलणारच असते. पुष्कळ कथांचा पहिला परिच्छेद दुसऱ्या खर्ड्यात उडतो. जाड पुठ्ठ्याची सुंदर वही कपाटात ठेवा आणि पाठकोरे कागद घ्या. एका बाजूने आधीच वापरलेला कागद खराब होण्याची भीती वाटत नाही. घड्याळात 10 मिनिटं लावा आणि पेन न उचलता लिहा. खाडाखोड करायची नाही, शब्द अडला तर मागचाच शब्द पुन्हा लिहायचा. दहा मिनिटांत जे उतरतं, त्यातलं एखादंच वाक्य कामाचं निघतं. त्याखाली रेघ मारा, ते नव्या कागदाच्या माथ्यावर उतरवा आणि पुन्हा 10 मिनिटं लावा. इथे एक चूक हमखास होते: या धावत्या लिखाणालाच कथा समजून लोक ते सुधारत बसतात. ती माती आहे, मडकं अजून घडायचंय.

दोन पानांनंतर अडणाऱ्याची खूण म्हणजे त्याच्याकडे पहिल्या पानाच्या पाच-सहा सुबक प्रती असतात आणि तिसरं पान एकही नसतं. रोज बसायचं, पहिल्यापासून वाचायचं, दोन शब्द बदलायचे, पुन्हा उतरवायचं, की वेळ संपली. माइक रोझ या अमेरिकन संशोधकाने 1980 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा विद्यार्थ्यांच्या लिहिण्याच्या सवयी तपासल्या होत्या. त्यातले पाच वारंवार अडणारे, पाच सहसा न अडणारे. अडणाऱ्यांच्या डोक्यात ताठर नियम बसलेले होते. एकीला प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात व्याकरणशुद्ध हवं होतं, दुसरीला सुरुवातीच्या परिच्छेदातच वाचक पकडायचा होता. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण त्यांना मुरड घालता येत होती. कथेलाही हे तंतोतंत लागू आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी बसताना आदल्या दिवसाच्या शेवटच्या दोन ओळीच वाचायच्या. नाव सुचत नसेल तर फुली मारायची. माहिती हवी असेल तर चौकटी कंसात [जहाज सुटायची वेळ बघणे] असं लिहून पुढे जायचं. त्यासाठी मोबाइल उचलला की अर्धा तास गेलाच समजा.

मराठीत लिहिणाऱ्याचा आणखी एक खोडा असतो. कागद समोर आला की भाषा अचानक इस्त्री करून येते. बोलताना ‘ती तडक निघून गेली’ म्हणणारा माणूस ‘तिने तत्काळ तेथून प्रस्थान केले’ असं लिहितो आणि पुढचं वाक्य त्याच पट्टीत जमेना झालं की थांबतो. यावर जालीम उपाय म्हणजे गोष्ट कुणाला तरी सांगायची, नाहीतर मोबाइलवर तीन मिनिटं रेकॉर्ड करायची आणि जशीच्या तशी उतरवायची. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘मग काय’ नंतर काढता येतात. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता तर अगदी शेवटच्या खर्ड्यासाठी ठेवा.

मध्यावर रुतणं मात्र खरं अवघड. तिथे बहुतेक वेळा वाक्य अडलेलं नसतं, एक निर्णय घ्यायचा राहिलेला असतो. समजा, गोष्ट इथवर आलीय: ‘सुमनने दार उघडलं. बाहेर धाकटा भाऊ उभा होता. अकरा वर्षांनी.’ आणि चार दिवस पुढे काही नाही. लेखक सुमनच्या चेहऱ्याचं वर्णन करून बघतो, पाऊस पाडून बघतो. पण भाऊ आलाय कशासाठी, हेच त्याने ठरवलेलं नसतं. अशा वेळी भावाच्या येण्याची दहा कारणं लिहून काढायची. पैसे हवेत, आई आजारी आहे, सही घ्यायचीय, माफी मागायचीय, ही पहिली चार कुणालाही सुचतील. पाच-सहाच्या आसपास डोकं रिकामं होतं. तिथून उठायचं नाही. मग सातवं येतं: त्याने मागे ठेवलेली एक किल्ली हवीय. आठवं: तो पार्सल द्यायला आलाय, पाकिटावर सुमनच्या नवऱ्याचं नाव आहे आणि हे दार बहिणीचं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. आठवं उचललं तर पुढची ओळ शोधावी लागत नाही: ‘त्याने पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. “सही लागेल,” तो म्हणाला.’

एवढं करूनही गाडी हलत नसेल तर चूक मागे आहे. अडलेल्या जागेपासून दोन-तीन पानं मागे जा आणि मोठ्याने वाचत या. वाचताना जिथे तुम्हीच घाईत पुढे सरकता, तिथे समासात खूण करा. बहुधा तिथे एखादं पात्र स्वतःच्या स्वभावाने न वागता लेखकाच्या सोयीने वागलेलं सापडतं. तिथून नवा कागद घेऊन उलटा निर्णय लिहा. जुनी पानं फाडू नका, टाचून ठेवा. आणि जो प्रसंग लिहायचा कंटाळा येतोय, तो वाचायलाही कंटाळवाणाच होणार. ‘चार दिवस गेले’ एवढं पुरतं.

रोजचं काम कुठे थांबवायचं, यालाही महत्त्व आहे. पुढे काय होणार हे माहीत असताना थांबावं, हा सल्ला अमेरिकन कथाकार अर्नेस्ट हेमिंग्वेने 1935 साली एका मासिकात दिला होता. प्रसंग संपवून समाधानाने उठलात की दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. वाक्य अर्धवट सोडा आणि खाली पुढच्या हालचालीची एक ओळ लिहून ठेवा.

गोष्टीचा नाद आठ-दहा बैठकांनंतरही लागत नसेल तर ती बाजूला ठेवायला हरकत नाही. फक्त वरच्या कोपऱ्यात तारीख, कुठे अडलं ती ओळ आणि न सुटलेला प्रश्न लिहा. सहा आठवड्यांनी उघडाल तेव्हा आधी तो प्रश्न वाचा, कथा नंतर.