पॉलिपमधले धातू मोजायला येणाऱ्या नव्या मुलांसाठी

पुण्यात बायोकेमिस्ट्री नाहीतर अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री शिकून मोठ्या आतड्याच्या पॉलिपमधले धातू मोजण्याच्या कामाला लागणारी मुलं पहिल्या दिवशी विचारतात, आयसीपी-एमएस कुठे आहे? ओढ साहजिक आहे, अब्जात एक भागाहूनही कमी धातू ते यंत्र पकडतं. पण आकडा बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच बिघडतो. म्हणून सुरुवातीचे महिने नमुन्याच्या मागे फिरा.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ. त्यातल्या अ‍ॅडेनोमा प्रकारातले थोडे पॉलिप कर्करोगाकडे जातात, तेही साधारण दहा वर्षांच्या किंवा त्याहून जास्त काळात. म्हणजे शोधायला अवधी आहे. धातूंचा यात संबंध असू शकतो तो असा: लोह फेंटन अभिक्रियेतून, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडशी होणाऱ्या अभिक्रियेतून, डीएनएला इजा करणारे रेणू तयार करू शकतं. उलट सेलेनियम ज्या विकराचा भाग आहे तो ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज पेरॉक्साइड निकामी करतो. कॅडमियमला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९३ मध्ये मानवी कर्करोगकारक ठरवलं, मुख्यतः फुप्फुसाच्या पुराव्यावरून. आतड्याबद्दल बोलताना हा फरक विसरू नका.

एन्डोस्कोपीच्या खोलीत उभं राहायची परवानगी मिळवा. तुकडा काढायचा चिमटा स्टीलचा असतो, म्हणजे लोह, क्रोमियम, निकेल त्यातूनच येऊ शकतं. तुकड्याला रक्त लागलेलं असलं की हिमोग्लोबिनमधलं लोह वाढीव दिसतं. पावडरच्या हातमोज्यांतून जस्त येतं. बाटल्या प्लास्टिकच्या, रात्रभर सौम्य नायट्रिक आम्लात भिजवलेल्या हव्यात. पावसाळ्यात वाळवलेला तुकडा वजन करेपर्यंत ओल धरतो, तेव्हा डेसिकेटरमधून, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यातून, काढल्याबरोबर वजन घ्या. आणि काही झालं तरी निदानासाठी नमुन्यावर पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा. लहान पॉलिप अख्खा तिकडेच जातो, आपल्याला मिळतो तो एथिक्स कमिटीच्या मंजुरीने आणि रुग्णाच्या संमतीने घेतलेला वेगळा तुकडा.

माझ्या मते खरा कस लागतो प्रश्नावलीत. परदेशी फॉर्ममध्ये ‘धूम्रपान करता का?’ एवढंच असतं. आपल्याकडे त्याला ‘नाही’ म्हणणाऱ्या आजी रोज सकाळी मिश्री लावत असतात, आणि तंबाखूच्या पानात कॅडमियम साठतं. त्यांना सरळ विचारा, ‘आजी, मिश्री लावता का? केव्हापासून?’ औषधांचंही तसंच. ‘कुठलं औषध चालू आहे?’ यावर बीपीची गोळी सांगतात. लोहभस्म, ताम्रभस्म सांगत नाहीत, कारण ते औषध वाटतच नाही. लोखंडी तवा-कढई, तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी, अशक्तपणासाठीच्या लोहाच्या गोळ्या, सगळं विचारा. लोहाच्या गोळ्या कोलोनोस्कोपीच्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, त्यामुळे ‘सध्या घेत नाही’ हे उत्तर खरं असूनही अपुरं असतं. पॉलिप न सापडलेल्यांचा गट जपून बांधा: त्यातले पुष्कळजण रक्तस्राव किंवा अ‍ॅनिमियासाठीच आलेले असतात आणि त्यांचं लोह आधीच कमी-जास्त असतं. तपासून घेणारे निरोगी लोक आपल्याकडे फार थोडे, म्हणून तुलना अवघड जाते.

पॉलिपमध्ये तांबं जास्त सापडलं म्हणून तांब्यानेच पॉलिप झाला, असं लिहायची घाई करू नका. वाढणाऱ्या पेशी स्वतःही धातू ओढून घेऊ शकतात. एकाच वेळी घेतलेला तुकडा आधी काय झालं हे सांगत नाही.

पायाची नखं इथे उपयोगी पडतात. ती हळू वाढतात, त्यामुळे सेलेनियमसारख्या मूलद्रव्याचा मागच्या बऱ्याच महिन्यांचा अंदाज त्यांत मिळतो. शक्य असेल तर पॉलिप आढळण्याआधीच नखं घेऊन ठेवणारा अभ्यास आखा. नेलपॉलिश पूर्ण काढून, पाय धुऊन-पुसून, दहाही बोटांची कात्रणं कागदी पाकिटात घ्या आणि तारीख तिथल्या तिथे लिहा.