चक बेरी ऐकलाय म्हणता, पण नक्की कुठला?

पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल परत ऐकायचंय, किंवा पहिल्यांदाच ऐकायचंय, तर प्लेलिस्ट लावायच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही जे ऐकताय ते मूळ रेकॉर्डिंग आहे का? मी कॉलेजात असताना फुटपाथवरून एक 'रॉक अँड रोल हिट्स' सीडी घेतली होती, वर्षभर ऐकली, आणि मनात पक्कं करून टाकलं की ही मंडळी ओव्हररेटेड आहेत, सगळं कसं गुळगुळीत आणि लग्नाच्या बँडसारखं. मग कधीतरी एका मित्राच्या घरी चक बेरी या अमेरिकन गायक-गिटारवाल्याचं 1958 चं 'जॉनी बी. गुड' ऐकलं आणि कळलं की माझ्या सीडीत होतं ते भलतंच काहीतरी होतं. गायक तोच, गाणं तेच, पण नंतर परत रेकॉर्ड केलेलं.

हा घोळ तेव्हाही होता आणि आजच्या ॲप्सवर तर जास्तच आहे. त्या काळात गाण्याची मास्टर टेप कंपनीच्या मालकीची, गायकाची नाही. गायकानं कंपनी बदलली की नवीन कंपनी म्हणायची, बाबा रे, तुझी जुनी हिट गाणी आमच्यासाठी पुन्हा गा, म्हणजे विकायला आम्हालाही काहीतरी राहील. चक बेरीनं चेस सोडून मर्क्युरीसाठी 1967 च्या अल्बमला असं केलं, लिटल रिचर्डनं 1964 मध्ये व्ही-जे साठी केलं, जेरी ली लुईसनं स्मॅशसाठी केलं, एव्हर्ली ब्रदर्सनीसुद्धा वॉर्नरसाठी आपलीच गाणी पुन्हा गायली. वाईट गायलेत असं नाही, पण त्या पहिल्या वेळची घाई, घाम, ते काय होईल माहीत नसणं, ते कुठून आणणार परत.

तर ओळखायचं कसं. ॲपमध्ये गाण्याखाली जे वर्ष दिसतं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, ते बहुतेकदा त्या संकलनाचं वर्ष असतं. लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, नाव बघा. चक बेरी असेल तर चेस, लिटल रिचर्ड स्पेशॅल्टी, फॅट्स डॉमिनो इम्पीरियल, एव्हर्ली ब्रदर्सची 1957 ते 1960 च्या सुरुवातीपर्यंतची गाणी केडन्स, जेरी ली आणि सुरुवातीचा एल्विस सन. मात्र स्वस्तातल्या संकलनांवर भलत्याच कंपनीचं नाव असतं आणि आत मूळ रेकॉर्डिंग असू शकतं, कारण युरोपात इतक्या जुन्या रेकॉर्डिंग्जचा कॉपीराइट कधीच संपलाय आणि कोणीही उठून काढतो. म्हणून शेवटी कानच. चक बेरीच्या 1955, 56 च्या गाण्यात ड्रम एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात स्वच्छ वेगळे ऐकू आले की समजा काहीतरी गडबड आहे, तेव्हाची त्याची रेकॉर्ड्स मोनो होती, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. आणि अजून एक पाप म्हणजे साठच्या दशकात कंपन्यांनी मोनो टेपला फिल्टर न् इको लावून बनवलेलं खोटं स्टिरिओ, ते ऐकताना गायक पाण्याच्या टाकीत उभा आहे असं वाटतं. ते दिसलं की पुढे जा.

आता ऐकायचं कशावर? महागडे हेडफोन नकोत. ही गाणी ज्यूकबॉक्स आणि गाडीतल्या रेडिओवर दणकून वाजावीत म्हणून केलेली आहेत, म्हणून किचनमधला एकच ब्लूटूथ स्पीकर घ्या, बेस बूस्ट बंद करा, आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा. हेडफोन लावायचेच असतील तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं ते चालू करा. आणि कृपा करून एकदम चाळीस गाणी नका लावू. ही सिंगल्स आहेत, दोन-अडीच मिनिटांची, एक ऐकायचं आणि लगेच परत तेच ऐकायचं, शाळेतली पोरं नाणं टाकून तेच करायची.

माझी खरी शिफारस म्हणजे जोडी लावून ऐका, आधीचं गाणं आणि त्यावरून पुढे झालेलं. हे संगीत आकाशातून पडलं नाही आणि कोणी एकानं शोधलंही नाही, हे जोडीनं ऐकलं की आपोआप कळतं, पुस्तक वाचावं लागत नाही.

पहिली जोडी 'हाउंड डॉग'. एल्विसचं 1956 चं सगळ्यांना माहीत असतं. आधी बिग मामा थॉर्नटनचं ऐका, 1952 मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झालेलं, आणि लिहिणारी दोन पोरं, लीबर आणि स्टोलर, तेव्हा फक्त 19 वर्षांची. तिच्या गाण्यात एक बाई फुकट्या पुरुषाला दारातून हाकलतेय, आवाजात अशी काही गुरगुर आहे की आपणच दोन पावलं मागे सरकतो, आणि शेवटी बँडवाले चक्क कुत्र्यासारखे भुंकतात. एल्विसनं उचललं ते लास व्हेगासच्या एका बँडनं शब्द बदललेलं व्हर्जन, त्यात बाईही गेली आणि तिचा रागही गेला, राहिला तो ससा न पकडणारा कुत्रा. तरी ते रेकॉर्ड भारीच आहे, ड्रम मशीनगनसारखे. दोन्ही आवडली तरी काही बिघडत नाही.

दुसरी जोडी जरा रडवणारी. 'टुटी फ्रुटी' लिटल रिचर्डचं, सप्टेंबर 1955, न्यू ऑर्लिन्सचा जे अँड एम स्टुडिओ. आणि मग त्याच गाण्याचं पॅट बूनचं व्हर्जन. बूनचं ऐकताना एखादे काका कीर्तनात चुकून शिट्टी मारतायत असं वाटतं, पण पॉप चार्टवर बूनचं 12 व्या नंबरपर्यंत गेलं आणि रिचर्डचं 17 व्या. त्या काळातल्या अमेरिकेत काळ्या गायकाचं गाणं गोऱ्या गायकानं गाऊन रेडिओवर पोचवायचं हा धंदाच होता.

तिसरी माझी लाडकी. एल्विसचं पहिलं सिंगल, जुलै 1954, मेम्फिसमधला सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ, गिटारवर स्कॉटी मूर, डबल बेसवर बिल ब्लॅक, ड्रमर नाहीच. एका बाजूला आर्थर क्रडपचं 1946 चं ब्लूज 'दॅट्स ऑल राइट', दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी'. मन्रोचं मूळ आधी ऐका, ते वॉल्ट्झ आहे, तीन-तीनच्या झोक्यात चालतं, आपल्या दादऱ्यासारखं. या पोरांनी त्याचा सरळ केरवा करून टाकला आणि गाणं पळत सुटलं. तबल्याची थोडी सवय असेल तर हा बदल मांडीवर ठेका धरून ऐका, मजा दुप्पट. त्या रेकॉर्डवर आवाजामागे जो पटकन येणारा छोटा इको आहे तो दोन टेप मशीन वापरून केलेला. पुढे आरसीए या रेकॉर्ड कंपनीनं एल्विसला घेतलं आणि 1956 मध्ये नॅशव्हिलला त्यांना तो इको हवा होता, तर त्यासाठी चक्क स्टुडिओबाहेरचा कॉरिडॉर वापरला.

चौथी जोडी एकदम छोटी, फक्त सुरुवातीचे दहा सेकंद. 'जॉनी बी. गुड' ची ती जगप्रसिद्ध गिटार ऐका, मग लुई जॉर्डनच्या बँडचं 1946 चं 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन' लावा, गिटारवर कार्ल होगन. मी काही बोलत नाही, तुम्हीच ऐका.

जोड्या झाल्या की एकेक वाद्य धरा. लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ खडखड आठ ठोके मारतो आणि ड्रमर अर्ल पामरनं झुलता शफल सोडून त्याच्याशी जुळवून घेतलं, तिथून पुढच्या सगळ्या रॉकचा ठेका सरळ होत गेला. चक बेरीकडे मात्र गिटार सरळ आणि ड्रमर अजून झुलतोय, त्या ओढाताणीतच तो थरार आहे. बडी हॉलीच्या 'एव्हरीडे' मध्ये ड्रम शोधू नका, जेरी ॲलिसन मांड्यांवर थापा मारतोय.

आपल्याकडचं म्हणाल तर 1957 सालीच सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, 'ईना मीना डीका' घेऊन आले होते, किशोरचं आणि आशाताईंचं दोन्ही ऐका. आणि त्याच सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा मुलगा द हेक्टिक्स नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानोवर लिटल रिचर्डची गाणी वाजवत होता, पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणायला लागलं.

चस्का लागला की पाय जुन्या बाजाराकडे वळणारच. मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, तबकड्या मिळतात पण उजेडात तिरकी धरून चरे बघितल्याशिवाय पैसे काढू नका. 45 च्या, म्हणजे मिनिटाला 45 फेऱ्या घेणाऱ्या, अमेरिकन रेकॉर्डला मध्ये दीड इंचाचं मोठं भोक असतं, त्याला अडॅप्टर लागतो. आणि 78 ची तबकडी हाताला लागली, आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या, तर ती एलपीच्या सुईवर लावू नका, खाचा रुंद असतात, 78 ची वेगळी सुई घ्या. पुसायची असेल तर ओलसर मऊ कापड, स्पिरिट चुकूनही नाही, लाखेची असते ती, विरघळते. माझी एक गेली अशी.